केसरबाईंच्या भैरवीनंतर अवकाशात वाजते कोणाची गिटार?

लोणारचे सरोवर अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने घडले, हे बुलढाणेकरांना सांगायला नको. उलट दिशेनेही काही गेले आहे. १९७७ मध्ये ‘नासा’ने सोडलेल्या दोन ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत (मराठीही आहे) आणि जगभरातल्या २७ संगीतरचना. शेवटाकडे येते गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. ती संपताच एक गिटार सुरू होते.

ती ब्लाइंड विली जॉन्सन यांची.

१८९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जन्मलेले हे कृष्णवर्णीय गायक लहानपणीच अंध झाले. सावत्र आईने डोळ्यांत दाहक द्रव फेकला, असे सांगतात. रस्त्याच्या कोपऱ्यावर भक्तिगीते गाऊन ते पोट भरत. त्यामुळे त्यांना नुसते ‘ब्लूज’वाले म्हणणे अपुरे आहे, शब्द चर्चचे, वाजवणे ब्लूजचे.

स्लाइड म्हणजे काय?

गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे असतात, म्हणून सूर सुटे येतात. तारेवर बाटलीची मान किंवा चाकू सरकवला, की एक सूर दुसऱ्यात वाहत जातो. आपली मींडच ती. विचित्र वीणेवर हेच काम काचेचा गोळा करतो. जॉन्सन नेमके काय वापरत, यावर जाणकारांत अजून वाद आहे.

तबकडीवरची रचना त्यांनी ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये ‘कोलंबिया’साठी ध्वनिमुद्रित केली. ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ हे तिचे नाव. म्हणजे अंधारी रात्र, थंड जमीन. तीत एकही शब्द नाही. गळ्यातला हुंकार आणि तार एकमेकांना उत्तर देत राहतात.

१९३० पर्यंत त्यांची ३० गाणी निघाली. मग मंदीत रेकॉर्डचा धंदा बसला आणि त्यांचे ध्वनिमुद्रण कायमचे थांबले. १९४५ मध्ये बोमाँट शहरातले घर जळाले. पत्नीच्या सांगण्यानुसार, जायला दुसरी जागा नसल्याने ते त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर झोपत. सप्टेंबरमध्ये ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर मलेरियाच्या तापाची नोंद आहे. कबरीची नेमकी जागा आजही सापडलेली नाही.

गाणी मात्र फिरत राहिली. ‘लेड झेपेलिन’ने त्यांचे गाणे नव्याने गायले. राय कूडर यांनी ‘पॅरिस, टेक्सास’ (१९८४) चित्रपटाचे संगीत याच रचनेवर उभे केले. हेच कूडर पुढे पं. विश्वमोहन भट्ट यांच्यासोबत वाजवायला बसले आणि १९९४ मध्ये दोघांना ग्रॅमी मिळाले.

केसरबाईंचे निधन १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले. ‘व्हॉयेजर-१’ला निघून तेव्हा ११ दिवस झाले होते. आता ते यान दोन हजार चारशे कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे.