आरसा पुसून का चालत नाही?



आपल्याकडे भरिताचे दिवस आले की घरोघरी फोडण्या कडकडतात. मग एक दिवस स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटवर बोट फिरवून बघा, चिकट लागतं. तिथं तेल लावलं कोणी? कोणीच नाही, ते हवेतून गेलं. मी वर्गात इथूनच सुरुवात करतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. भुसावळहून अकोला, वाशीम करत गेलं की हिंगोली, म्हणजे तसा आपला शेजारच. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला सुमारे 2600 कोटींची मंजुरी दिली. 4-4 किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत निर्वात पोकळी, आणि लेसर मागे-पुढे परतवणारे आरसे. अमेरिकेतल्या लिगोत असा एकेक आरसा सुमारे 40 किलोचा आहे. त्यावर घरच्या आरशासारखा चांदीचा मुलामा नसतो. सिलिका आणि टँटालम ऑक्साइडचे अतिपातळ थर एकावर एक दिलेले असतात.

आता गणित मांडा. आरशांमधला प्रकाश 750 किलोवॅटपर्यंत नेण्याचा तिथला आराखडा आहे. लेपाने त्यातला दहा लाखांत एकच भाग शोषला, तरी पाऊण वॅट उष्णता झाली. तेवढ्यानेही आरशाचा आकार किंचित बिघडतो. वर तेलकट थर बसला तर शोषण वाढतं, आणि तापून लेपच डागाळू शकतो.

मुलं म्हणतात, “सर, निर्वात आहे ना, मग घाण येणार कुठून?” प्रश्न मोठा नामी आहे! वायरचं आवरण, गोंद, रबर, बोटाचा ठसा, या सगळ्यांतून वाफ सुटते. अडवायला हवा नसल्यामुळे तिचे रेणू सरळ आरशापर्यंत जातात. धूळ गाळणीत अडकते, वाफ साध्या गाळणीतून पार होते. म्हणून आत जाणारी वस्तू आधी निवडून घेतात, धुतात, भट्टीत तापवून तिच्यातली वाफ काढून टाकतात. जोडणी चालू असताना आरशावर एक द्रव लावतात. तो वाळला की पापुद्रा होतो, आणि शेवटी धुळीसकट सोलून निघतो. फडक्याने पुसलं तर चरे पडायची भीती.

घरी करायचा प्रयोग: काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या घ्या. एक शेगडीपासून हातभर लांब, दुसरी डब्यात बंद. आठ दिवसांनी दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका आणि थेंब कुठे पसरतो, कुठे गोळा होऊन राहतो ते मुलांना वहीत काढू द्या. पट्ट्या कडेनेच धरा, नाहीतर बोटाचंच तेल मोजाल.