एक बाजा, अनेक षड्ज

तोंडाने वाजवावयाचा बाजा, ज्याला आपण माउथ ऑर्गन म्हणतो, तो आपल्याकडे कोणी फारसा मनावर घेत नाही. जत्रेत मुलाच्या हट्टापायी घ्यावा, चार दिवस घरच्यांचे कान किटवावेत आणि पाचव्या दिवशी तो फळीवर जाऊन पडावा, एवढाच त्याचा संसार. सिनेमाने त्याला थोडी प्रतिष्ठा दिली हे खरे. १९५८ सालच्या 'सोलवां साल' या चित्रपटातील गाण्यात राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला बाजा अजूनही पुष्कळांच्या कानांत आहे. परंतु हे वाद्य म्हणजे खेळणे, त्यात शिकण्यासारखे ते काय, ही समजूत काही जात नाही.

ही समजूत चुकीची आहे असे माझे म्हणणे आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी मला पनवेलहून थेट अमेरिकेतील मिसिसिपीच्या काठी जावे लागणार आहे. पण त्याआधी आपल्या घरातील पेटीपाशी थोडे थांबू. कारण जे सांगावयाचे त्याची किल्ली तेथेच आहे. तिला आपल्या शास्त्रकारांनी 'मूर्च्छना' हे नाव दिले आहे. शब्दाला भिऊ नये. बेशुद्ध पडण्याशी येथे काही संबंध नाही.

ज्याच्या घरी पेटी असेल त्याने हा प्रयोग करून पाहावा. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या घ्यावयाच्या. एका सप्तकात त्या पाच. काळी तीनला सा मानून पाचही पट्ट्या क्रमाने वाजवा; भूप ऐकू येईल. आता पट्ट्या त्याच ठेवा, एकही बदलू नका, पण काळी चारला सा माना. भूप गेला आणि मधमाद सारंगाचे सूर आले. काळी पाचला सा मानले की मालकंस. काळी एकला मानले की दुर्गा. काळी दोनला मानले की धानी. पट्ट्या पाच, आणि पाच निराळे मुलूख! कोठेही नवीन सूर आणलेला नाही. बदलले ते फक्त घर, म्हणजे षड्ज.

पण येथे एक गोम आहे आणि शिकणारा नेमका येथेच फसतो. नुसते काळी पाचपासून सुरू करून वर गेल्याने मालकंस होत नाही. कान जुन्याच सा ला चिकटून बसलेला असतो. तो म्हणतो, हा तर भूपच आहे, गंधारापासून निघालेला. म्हणून दुसऱ्या कोणाला तरी काळी पाच सतत दाबून धरावयास सांगा, किंवा तंबोरा त्या सुरात लावा. आजकाल तंबोरा मोबाइलमध्येही मिळतो. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. तो सूर कानात मुरू लागला, की थोड्या वेळाने एक क्षण असा येतो की घर हलते. जो सूर पाहुणा होता तो यजमान होतो आणि बाकीचे चारही आपले चेहरे बदलून त्याच्यापुढे उभे राहतात. सा हा पट्टीत नसतो, तो कानात असतो. पट्ट्या पाठ करणे म्हणजे मूर्च्छना नव्हे. कानातले घर हलवता येणे म्हणजे मूर्च्छना.

पांढऱ्या पट्ट्यांचे असेच आहे. पांढरी एकपासून बिलावल, दोनपासून काफी, तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. पांढरी सातपासून निघाल्यास शुद्ध पंचमच सापडत नाही, म्हणून ते घर ओस. पंडित भातखंडे यांनी जे दहा थाट मांडले त्यांपैकी सहा असे एकाच ओळीत मिळतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार मिळत नाहीत. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे. रागाला चाल असते, न्यास असतो, कोठे थांबावे आणि कोणता सूर ओझरता घ्यावा याचा कायदा असतो. थाट ही नुसती जागा. घर त्यावर बांधावयाचे असते.

भरताच्या नाट्यशास्त्रात दोन ग्रामांच्या प्रत्येकी सात अशा चौदा मूर्च्छना सांगितल्या आहेत. पुढे गायकाच्या पाठीशी एकाच षड्जाचा तंबोरा अखंड वाजू लागला आणि मूर्च्छना व्यवहारातून मागे पडून पोथीत गेली.

आता बाजाकडे येऊ. ट्रॉसिंगेन या जर्मन गावात माथियास होनर यांनी १८५७ साली बाजे करावयास घेतले आणि थोड्याच वर्षांत ते जहाजे भरभरून अमेरिकेला जाऊ लागले. दहा भोके, प्रत्येक भोकात पितळेच्या दोन पात्या. एक फुंकल्यावर बोलते, दुसरी श्वास ओढल्यावर. पेटीवाले या पात्यांनाच 'सूर' म्हणतात, आणि जात दोघांची एकच. पांढरी एकचा बाजा घेतला तर फुंकरीने सा, ग, प एवढेच तीन सूर पहिल्यापासून दहाव्या भोकापर्यंत पुन्हापुन्हा येतात. श्वास ओढला की पहिल्यापासून क्रमाने रे, प, नी, रे, म, ध, नी, रे, म, ध. बारकाईने पाहाल तर खालच्या सप्तकात म आणि ध नाहीतच. कारखानदाराचा हेतू असा होता, की जर्मन लोकगीते वाजवणाऱ्याने कोठेही फुंकले तरी सा-ग-प असा गोड मेळ निघावा. तो मेळ साधण्यासाठी दोन सूर गाळले. बाजा आनंदी गाण्यांसाठी बांधला गेला, आणि त्याच्या पत्र्यावर त्याचा सा छापूनही दिला गेला.

हा बाजा पडला कोणाच्या हाती? गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, तरी दक्षिणेकडील कापसाच्या शेतांत अर्धेलीने राबणाऱ्या, रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या, नदीचे बांध घालणाऱ्या काळ्या मजुरांच्या. पियानो त्यांना परवडणारा नव्हता. बाजा स्वस्त आणि खिशात मावणारा. पण त्यांच्या गळ्यातले गाणे या बाजात बसेना. त्यांच्या गाण्यात, ज्याला पुढे 'ब्लूज' हे नाव पडले, निषाद कोमल. गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोहोंच्या मध्ये रेंगाळणारा. आणि पंचम अधूनमधून खाली घसरणारा. छापील सा पासून वाजवावे तर यांतले एकही सहज हाती येत नाही.

त्यांनी बाजा बदलला नाही, सा बदलला. दुसऱ्या भोकात श्वास ओढला की जो प येतो, त्यालाच त्यांनी षड्ज ठरवले. त्याबरोबर काय झाले पाहा. पहिल्या चार भोकांतून एकदम श्वास ओढला तर नव्या हिशेबाने प, सा, ग, प असा भरीव मेळ मिळतो. म्हणजे तंबोरा बाजातच आला. पाचव्या भोकात ओढले की कोमल निषाद. थाट झाला खमाज. आणि मुख्य गोष्ट अशी, की खालच्या भोकांत ओढीचे सूर वाकवता येतात.

हे वाकवणे जरा समजून घेतले पाहिजे, कारण पेटीत ते नाही. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली तेव्हा पेटीला मींड नाही हा तिच्यावरचा एक मोठा आरोप होता, आणि त्यात तथ्य होते. भाता पात्यांपासून दूर असतो. हात पट्टीवर पडला की सूर ठरला. बाजात भात्याच्या जागी माणसाचे तोंड आणि छाती आहे. ओढताना जीभ मागे-खाली नेऊन तोंडाची पोकळी मोठी केली, 'ई' म्हणता म्हणता 'ऊ' कडे गेल्यासारखी, की सूर खाली घसरतो. किती घसरावा याचा नियम आहे: त्या भोकातील दोन पात्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढ्यातच वाव. तिसऱ्या भोकात अंतर मोठे, म्हणून तेथे नव्या हिशेबाचा गंधार कोमल होतो, त्याहून खाली ऋषभापर्यंतही जातो, आणि मधल्या वाटेत तो ब्लूजचा रेंगाळणारा गंधार सापडतो. चौथ्या भोकात पंचम वाकून तीव्र मध्यमाला टेकतो. पाचव्यात दोन पात्यांत अर्ध्याच सुराचे अंतर, म्हणून तेथे वावच नाही. आठव्यापासून वर उलटा कारभार. तेथे फुंकरीचे सूर वाकतात.

कारखान्याने जे सूर गाळले होते तेच मजुरांनी श्वासाने परत मिळवले. हा शोध कोणा एकाच्या नावावर नाही, तो हजारोंच्या ओठांवर घडला. १९२७ साली डेफर्ड बेली या काळ्या वादकाने बाजावर आगगाडीची ध्वनिमुद्रिका काढली. एकाच बाजातून इंजिनाची धाप आणि शिट्टी. पनवेलच्या फलाटावर मालगाडीची वाट सोडून उभे राहणाऱ्यांना ती ऐकून गंमत वाटेल. १९५२ साली लिटल वॉल्टर या वादकाची 'ज्यूक' ही केवळ वाजवलेली, गाणे नसलेली तबकडी अमेरिकेतील काळ्या संगीताच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. खेळण्याला हा मान मिळाला तो सा हलवल्यामुळे.

ब्लूजचा सांगाडा साधा आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड. पहिले चार सा च्या मेळाचे, दोन म चे, पुन्हा दोन सा चे, एक प चा, एक म चा, आणि शेवटचे दोन सा चे. गाणारा एक ओळ म्हणून थांबतो आणि उरलेल्या जागेत बाजा त्याला उत्तर देतो. आपल्या पोवाड्यात शाहिराला झीलकरी जसा उचलून धरतात, तसेच हे. गिरणगावात अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे गाणे ज्यांनी पूर्वी ऐकले त्यांना हा सवाल-जबाब परका वाटला नसता.

बाजावाले या निरनिराळ्या घरांना आकडे देतात. छापील सा हे पहिले घर. त्याचा पंचम हे दुसरे. त्या पंचमाचा पंचम, म्हणजे मूळ रे, हे तिसरे. मग ध चौथे, ग पाचवे. आपला षड्ज-पंचम भावच हा, निराळे काही नाही. उलट दिशेने गेल्यास मूळ म लागतो. फेरा बाराचा असल्यामुळे त्याला बारावे घर म्हणतात.

नव्याने शिकणाऱ्याला पुस्तके बहुधा थेट दुसऱ्या घरात ढकलतात. मला ते पटत नाही. सूर वाकवणे महिनोन्महिने जमत नाही आणि माणूस कंटाळतो. आपल्या माणसाने तिसऱ्या घरापासून सुरुवात करावी, कारण तेथे काफी आहे आणि काफी आपल्या कानात लहानपणापासून बसलेला आहे. चौथे भोक ओढा, सा. पाचवे फुंका, रे. पाचवे ओढा, कोमल ग. सहावे फुंका, म. सहावे ओढा, प. सातवे ओढा, ध. सातवे फुंका, कोमल नी. आठवे ओढा, वरचा सा. एकही सूर न वाकवता पुरे सप्तक झाले. भैरवीही अशीच सरळ मिळते: पाचवे फुंकून सा, पाचवे ओढून कोमल रे, मग सहावे फुंकून कोमल ग व ओढून म, सातवे ओढून प व फुंकून कोमल ध, आठवे ओढून कोमल नी आणि फुंकून सा. कल्याणासाठी पाचव्या भोकाच्या ओढीपासून निघावे. आधी तंबोरा त्या त्या घराच्या सा ला लावावयाचा, हे मात्र विसरू नये.

कामगारांच्या वस्तीत आयुष्य गेलेल्या मला एक वाक्य फार वेळा ऐकावे लागले आहे: गाणेबिणे आपल्यासाठी नाही, त्याला घराणे लागते. आणि ज्याला हौस असते तो भोकांचे आकडे लिहिलेला कागद आणून 'चार फुंक, चार ओढ' असे सिनेमाचे गाणे घोटतो. त्याचे ते गाणे बसते, दुसरे येत नाही. कागद हरवला की बाजा मुका. आकडे शिकवणारा तुम्हाला कागदाच्या ताब्यात ठेवतो. त्याऐवजी रोज अर्धा तास एकच घर, एकच सा, आणि त्याच पाच-सात सुरांत आपल्या मनाने दोन-दोन मात्रांचे सवाल आणि त्यांना जबाब, असे केले तर सहा महिन्यांत माणूस स्वतःचे वाजवू लागतो. पाळी सुटल्यावर तळोज्याहून बसने येतानाही हे करता येते. शेजारच्याने तक्रार केली नाही म्हणजे झाले.

खरेदी करताना एक पाहावे. दुकानदार बहुधा चोवीस भोकांचा, थरथरत्या आवाजाचा बाजा पुढे करतो. त्यात प्रत्येक सुराला दोन पात्या किंचित वेगळ्या लावलेल्या असतात; आवाज गोड, पण सूर वाकत नाही. आपल्याला हवा तो दहा भोकांचा साधा. आणि गाणाऱ्याच्या साथीला बसावयाचे असेल तर हिशेब असा: दुसऱ्या घरातून वाजवावयाचे तर बाजा गाणाऱ्याच्या मध्यमाचा घ्यावा, तिसऱ्यातून वाजवावयाचे तर त्याच्या कोमल निषादाचा. गाणारा काळी एकचा असेल तर खमाजासाठी काळी तीनचा बाजा, काफीसाठी पांढरी सातचा. दोन बाजे खिशात असले की पुष्कळ गाण्यांची सोय होते. तिसरा घ्यावयाचा तो पांढरी एकचा, कारण पांढरी पाचला गाणारे पुष्कळ भेटतात आणि शिकवणारी बहुतेक पुस्तके त्याच बाजावर लिहिलेली असतात.