क्रेडिट कार्डावरील अनधिकृत व्यवहार

क्रेडिट कार्डावरील अनधिकृत व्यवहार म्हणजे कार्डधारकाच्या संमतीविना त्याचे कार्ड किंवा कार्डाचा तपशील वापरून दुसऱ्या कोणी केलेला खर्च होय. अशा व्यवहारासाठी प्रत्यक्ष कार्ड चोरीला जावे लागते असे नाही. कार्ड धारकाच्या खिशात असतानाही त्याचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि मागील बाजूचा सुरक्षा क्रमांक परक्याच्या हाती लागल्यास व्यवहार होऊ शकतो. भारतात अशा व्यवहारातून होणारे नुकसान कोणी सोसायचे, याची चौकट भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिली. या परिपत्रकानुसार दोन प्रश्न निर्णायक ठरतात : चूक कोणाची होती आणि ग्राहकाने बँकेला किती दिवसांत कळवले.

स्वरूप

बचत खाते किंवा डेबिट कार्डाच्या फसवणुकीत ग्राहकाचे स्वतःचे पैसे तत्काळ खात्यातून जातात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र व्यापाऱ्याला मिळणारी रक्कम बँकेने दिलेल्या उधारीतून जाते आणि ग्राहकाकडे ती मासिक देयकाद्वारे मागितली जाते. त्यामुळे क्रेडिट कार्डावरील वाद हा बहुधा ‘गेलेले पैसे परत मिळवण्याचा’ नसून ‘न केलेल्या खर्चाची मागणी नाकारण्याचा’ असतो. मात्र ही मागणी वेळेवर आणि नोंद राहील अशा रीतीने नाकारली नाही, तर थकबाकीवर व्याज व विलंब शुल्क लागू शकते आणि पतमानांकनावरही परिणाम होऊ शकतो.

अनधिकृत व्यवहार आणि व्यापाऱ्याशी असलेला वाद यांत फरक केला जातो. मागवलेली वस्तू न मिळणे, एकाच खरेदीची रक्कम दोनदा आकारली जाणे किंवा रद्द केलेल्या सेवेचा परतावा न येणे, अशा प्रकारांत मूळ व्यवहाराला ग्राहकाची संमती असते. त्यांची सोडवणूक व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे इत्यादी कार्ड जाळ्यांच्या ‘चार्जबॅक’ पद्धतीने होते. खाली दिलेले दायित्वाचे नियम अशा वादांना लागू होत नाहीत.

फसवणुकीच्या पद्धती

• स्किमिंग : एटीएम किंवा दुकानातील कार्डयंत्राला छुपे उपकरण जोडून चुंबकीय पट्टीवरील माहिती टिपणे व तिच्या आधारे बनावट कार्ड तयार करणे.
• फिशिंग : बँक, कुरिअर सेवा किंवा सरकारी कार्यालयाच्या नावाने बनावट संदेश व संकेतस्थळ तयार करून कार्डाचा तपशील भरून घेणे.
• दूरध्वनीवरील बतावणी : बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून, कार्ड बंद पडेल अशी भीती किंवा बक्षीस गुणांचे आमिष दाखवून ओटीपी काढून घेणे.
• सिम अदलाबदल : ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकाचे दुसरे सिम कार्ड मिळवून त्यावर येणारे ओटीपी हस्तगत करणे.
• घातक ॲप : फोनच्या पडद्याचा किंवा संदेशांचा ताबा घेणारे ॲप उतरवून घेण्यास भाग पाडणे.
• माहितीसाठ्याची चोरी : व्यापारी किंवा मध्यस्थ सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेतून अनेक कार्डांचा तपशील एकदम चोरणे. २०१६ मध्ये एका एटीएम सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्यामुळे भारतातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे उघड झाले. बँकांना अनेक कार्डे बंद करावी किंवा बदलून द्यावी लागली. या प्रकारात ग्राहकाची काहीही चूक नसते.

प्रतिबंधक व्यवस्था

भारतात कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी पडताळणीचा अतिरिक्त टप्पा १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक झाला. आज हा टप्पा बहुधा ओटीपीच्या रूपात दिसतो. चुंबकीय पट्टीच्या कार्डांऐवजी चिप व पिन असलेली कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत मुदत होती. २०२० पासून नवे कार्ड केवळ देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांवर वापरण्याजोगे देण्यात येते. ऑनलाइन, परदेशी व स्पर्शविरहित व्यवहारांची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करावी लागते आणि त्यांवर रकमेची मर्यादाही घालता येते. स्पर्शविरहित पद्धतीने पिन न देता करावयाच्या व्यवहाराची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २,००० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई असून त्याऐवजी पर्यायी सांकेतिक क्रमांक, म्हणजे ‘टोकन’, वापरला जातो.

या व्यवस्थेत एक मोठी फट राहिली. अनेक परदेशी संकेतस्थळे ओटीपी न मागताच केवळ कार्डाच्या तपशिलावर रक्कम आकारत आली आहेत. म्हणून गरज नसताना कार्डावरील परदेशी व्यवहारांची सोय बंद ठेवणे, हा सर्वांत सोपा प्रतिबंधक उपाय मानला जातो.

दायित्वाचे नियम

२०१७ च्या परिपत्रकात नुकसानाची विभागणी पुढीलप्रमाणे करण्यात आली आहे.

१. बँकेची चूक : बँकेचा निष्काळजीपणा, सेवेतील त्रुटी किंवा बँकेचा फसवणुकीतील सहभाग असल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य असते. ग्राहकाने व्यवहार कळवला होता की नाही, याचाही येथे विचार होत नाही.

२. त्रयस्थ ठिकाणची चूक : दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी दिवसांची गणना महत्त्वाची ठरते. व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास प्रत्येक व्यवहारामागे कमाल मर्यादा लागू होते : ५ लाख रुपयांपर्यंत पतमर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी १०,००० रुपये आणि त्याहून अधिक पतमर्यादेच्या कार्डासाठी २५,००० रुपये. व्यवहाराची रक्कम या मर्यादेपेक्षा कमी असेल तर तेवढीच रक्कम ग्राहकावर येते. सात दिवसांनंतर कळवल्यास बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार दायित्व ठरते.

३. ग्राहकाचा निष्काळजीपणा : ग्राहकाने पिन, ओटीपी किंवा अन्य गोपनीय तपशील दुसऱ्याला दिला असल्यास, बँकेला कळवेपर्यंत झालेले संपूर्ण नुकसान ग्राहकाचे असते. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे असते. अशा प्रकरणातही ग्राहकाचे दायित्व माफ करण्याचा अधिकार बँकेला आहे.

दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस वगळला जातो आणि ग्राहकाच्या मूळ शाखेच्या कामकाजाचे दिवसच धरले जातात. उदाहरणार्थ, ३ लाख रुपये पतमर्यादेच्या कार्डावर त्रयस्थ ठिकाणच्या चुकीमुळे ४०,००० रुपयांचा व्यवहार झाला आणि त्याची सूचना सोमवारी मिळाली, तर मधे सुट्टी नसल्यास गुरुवार हा तिसरा दिवस ठरतो. गुरुवारपर्यंत कळवल्यास ग्राहकाला काहीही द्यावे लागत नाही. शुक्रवारी कळवल्यास १०,००० रुपये त्याच्यावर येऊ शकतात. मर्यादा प्रत्येक व्यवहारासाठी स्वतंत्र असल्याने तसेच दोन व्यवहार झाले असल्यास ही रक्कम २०,००० रुपये होते.

ओटीपी दिला गेलेल्या प्रकरणात हिशेब दिवसांचा नसून मिनिटांचा असतो. सकाळी दहा वाजता २०,००० रुपयांचा व्यवहार झाला, दहा वाजून दहा मिनिटांनी ग्राहकाने बँकेला कळवले आणि साडेदहाला आणखी ३०,००० रुपये काढले गेले, तर पहिली रक्कम ग्राहकाच्या आणि दुसरी बँकेच्या वाट्याला येते. त्यामुळे ‘चूक आपलीच आहे, आता कळवून काय उपयोग’ या समजुतीने किंवा संकोचाने गप्प राहणे ग्राहकाच्या हिताविरुद्ध जाते.

सहकारी बँकांसाठी अशाच स्वरूपाचे नियम डिसेंबर २०१७ मध्ये लागू करण्यात आले.

ग्राहकाने करावयाची कार्यवाही

• कार्ड तत्काळ बंद करणे. बँकेचे ॲप, संदेशसेवा किंवा चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक यांद्वारे हे करता येते. क्रमांक कार्डाच्या मागील बाजूवरून किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा लागतो, कारण इंटरनेटवरील शोधात सापडणारे ‘ग्राहक सेवा’ क्रमांक कित्येकदा भामट्यांचेच असतात.
• तक्रार क्रमांक, तारीख व वेळ नोंदवून ठेवणे. कळवल्याची वेळ हाच पुढे दायित्व ठरवण्याचा मुख्य आधार असतो. तक्रारीचा क्रमांक देणे व पोच देणे बँकेवर बंधनकारक आहे.
• राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक १९३० वर किंवा त्याच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवणे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या या व्यवस्थेत संबंधित बँका व देयक कंपन्यांना सूचना जाते आणि रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी गोठवण्याचा प्रयत्न होतो. ही तक्रार बँकेकडील तक्रारीला पर्याय नाही. वरील मुदती बँकेला कळवण्याच्या आहेत.
• वादग्रस्त व्यवहाराचा अर्ज लेखी किंवा ई-मेलने देणे आणि संदेश, देयक, पडद्याची छायाचित्रे इत्यादी पुरावे जपून ठेवणे.
• देयकातील वाद नसलेली रक्कम मुदतीत भरणे. संपूर्ण देयक थकवल्यास खऱ्या खर्चावरही व्याज लागते.
• मोबाइलचे नेटवर्क अचानक बंद पडले असल्यास सिम अदलाबदलीची शक्यता लक्षात घेऊन दूरसंचार कंपनीला कळवणे.

बँकेची कर्तव्ये

बँकेने प्रत्येक इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची सूचना एसएमएसद्वारे, तसेच ई-मेल नोंदवलेला असल्यास त्याद्वारेही देणे अपेक्षित आहे. अनधिकृत व्यवहार कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने संबंधित रक्कम ग्राहकाच्या खात्यात तात्पुरती जमा करावयाची असते. त्यासाठी विम्याच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. ही जमा अनधिकृत व्यवहाराच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे कार्डधारकावर व्याजाचा वाढीव बोजा पडत नाही. तक्रारीचा निकाल ९० दिवसांच्या आत लावणे बंधनकारक आहे. दायित्व ग्राहकाचे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. आपण निर्दोष आहोत हे ग्राहकाने सिद्ध करावयाचे नसते.

१ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनी यात भर घातली. फसवणूक म्हणून वाद उपस्थित केलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क आकारता येत नाही. तसेच वाद प्रलंबित असलेल्या कार्डाबाबत, तो मिटण्यापूर्वी थकबाकीदार म्हणून पतमाहिती कंपन्यांना कळवण्यास प्रतिबंध करण्यात आला.

ओटीपीचा वाद आणि न्यायालये

बँका व ग्राहक यांच्यातील बहुतेक वाद एकाच मुद्द्याभोवती फिरतात. व्यवहारात योग्य ओटीपी वापरला गेला, म्हणजे तो ग्राहकानेच दिला, असा बँकांचा युक्तिवाद असतो. सिम अदलाबदल किंवा घातक ॲप यांद्वारे ग्राहकाच्या नकळतही ओटीपी मिळवता येतो, हे ग्राहकपक्षाचे उत्तर असते.

यासंबंधीचे काही महत्त्वाचे निर्णय क्रेडिट कार्डाऐवजी बँक खात्यांविषयीचे असले, तरी त्यांतून दिसणारी दिशा कार्डांच्या वादातही उपयुक्त ठरते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, ग्राहकाने एसएमएस सूचनेला प्रतिसाद दिला नाही एवढ्यावरून बँकेचे दायित्व संपत नाही, असे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका कंपनीच्या खात्यातून ऑक्टोबर २०२१ मध्ये गेलेले सुमारे ७६ लाख रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला. त्या प्रकरणात लोकपालाने तक्रार फेटाळली होती. न्यायालयाने मात्र २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन ग्राहकाचे दायित्व शून्य ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील एका ग्राहकाच्या सुमारे ९४,००० रुपयांच्या प्रकरणात बँकेला जबाबदार धरणारा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. ग्राहकाने २४ तासांच्या आत बँकेला कळवले होते, ही बाब तेथे महत्त्वाची ठरली.

दाद मागण्याचे मार्ग

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर असमाधानकारक असले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. वेगवेगळ्या लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये एकत्र करण्यात आल्या, त्यामुळे देशातील कोणत्याही भागातून ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहक आयोगाकडे जाता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये ५ कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे असते.

गुन्हेगारावरील कारवाई हा स्वतंत्र विषय आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ‘६६ सी’ नुसार ओळखचोरीसाठी आणि ‘६६ डी’ नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीविषयीचे कलम ३१८ ही लागू होऊ शकते. आरोपी सापडणे किंवा त्याला शिक्षा होणे, यावर बँकेकडून मिळावयाचा परतावा अवलंबून नसतो.

मर्यादा

ग्राहकाला शून्य दायित्वाचे संरक्षण प्रामुख्याने त्याची चूक नसलेल्या प्रकरणांत मिळते. बतावणीला बळी पडून स्वतःच ओटीपी सांगणारी व्यक्तीही फसवली गेलेलीच असते, परंतु कळवण्यापूर्वीच्या नुकसानाबाबत २०१७ चे नियम तिला निष्काळजी ग्राहक मानतात. विश्वासाने नातेवाईक किंवा सहकाऱ्याला पिन देणेही याच वर्गात मोडू शकते. शिवाय, सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असली तरी तांत्रिक नोंदी बँकेच्याच ताब्यात असतात. त्यामुळे ग्राहकाजवळचा तक्रार क्रमांक व कळवल्याची नेमकी वेळ यांना अशा वादात विशेष महत्त्व येते.