सॉकेटच्या डावीकडची रांग

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. दुपारचे तीन वाजलेले. एक मुलगा मोपेडच्या पुढच्या फळीवर कॅबिनेट ठेवून, त्यावर ओला दुपट्टा टाकून माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला. ओला दुपट्टा पाहिल्याबरोबर तो मी आधी काढायला लावला. मुलगा माझ्याच एमएस-सीआयटीच्या वर्गातला. आता लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो.

"मॅडम, प्रोसेसर तं थंडाच आहे, ५८ डिग्री. तरी दहा मिनिटात स्लो होऊन राह्यला अन् मंग बंदच पडते. काहून?"

आपल्याकडे बहुतेक लग्नं एप्रिल-मेमध्ये, पेरणीच्या आधी उरकतात. म्हणजे याच्या धंद्याचा हंगाम आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्याचं ऊन एकाच महिन्यात येतं. तासाभराच्या व्हिडिओचं रेंडरिंग लावलं की आठही कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि दीड-दोन तास तिथून हलत नाहीत. काम लवकर व्हावं म्हणून त्याने जुना, १२५ वॉटचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता. ४ गिगाहर्ट्झचा ४.६ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.३० वरून १.४५ केलं. प्रोसेसर तापू नये म्हणून ऑनलाइन लिक्विड कूलरही मागवून बसवला. हा सगळा खर्च त्याने स्वतःच्या कमाईतून केला होता, आणि विचार करूनच केला होता. त्यामुळे चूक कुठे झाली ते त्याला नीट समजावून सांगणं मला गरजेचं वाटलं.

वेग वाढला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. पण व्होल्टेज वाढवलं तर ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कागदावर गणित मांडलं. वेग १५ टक्के वाढला. व्होल्टेजमुळे उष्णता सव्वापटीच्या जवळ गेली. दोन्हींचा गुणाकार केला तर साधारण ४३ टक्के वाढ, म्हणजे १२५ वॉटचे जवळपास १८० वॉट झाले. १५ टक्के वेगासाठी ४३ टक्के उष्णता. एवढी उष्णता लिक्विड कूलरने प्रोसेसरवरून खरंच उचलली होती, ५८ चा आकडा खोटा नव्हता. अडचण शेजारी होती.

मदरबोर्ड उभा धरला की प्रोसेसरच्या सॉकेटच्या डावीकडे नखाएवढ्या काळ्या चौकोनी तुकड्यांची एक रांग दिसते. ते मॉसफेट. सोबत कॉइलचे ठोकळे आणि कॅपॅसिटरचे डबे. एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायकडून, येते १२ व्होल्टची वीज, प्रोसेसरला हवी असते सव्वा-दीड व्होल्टची. हे उतरवण्याचं काम ती रांग करते. व्होल्टेज उतरलं की तेवढ्याच वॉटसाठी अँपिअर चढतात. १२५ वॉट आणि १.३० व्होल्ट म्हणजे सुमारे ९६ अँपिअर. ओव्हरक्लॉकनंतर ते १२० च्या पुढे गेले. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला अँपिअर वेगळे शिकवावे लागत नाहीत. विहिरीवरची ५ एचपीची थ्री-फेज मोटार सात-आठ अँपिअर ओढते आणि व्होल्टेज पडलं की जास्त अँपिअर ओढून वाइंडिंग जाळून घेते, हे त्याने घरी पाहिलेलं असतं. इथे त्या मोटारीच्या पंधरापट अँपिअर नखाएवढ्या तुकड्यांमधून जात होते. आणि वाहणाऱ्या विजेमुळे होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या रांगेतला हा ताप दीडपटीच्याही वर गेला होता. स्वस्तातल्या बोर्डवर त्या मॉसफेटवर साधी ॲल्युमिनियमची पट्टीही नसते. याच्या बोर्डवर नव्हती.

मग लिक्विड कूलर बसवण्याआधी बोर्ड बरा कसा चालत होता? उत्तर जुन्या पंख्यात होतं. कंपनीचा साधा पंखा प्रोसेसरवर वरून खाली हवा मारतो. ती हवा हीट सिंकच्या पात्यांतून निघून चारी बाजूंना पसरते आणि जाता जाता या रांगेलाही लागते. लिक्विड कूलरमध्ये पंखा रेडिएटरवर जातो, कॅबिनेटच्या मागच्या किंवा वरच्या भिंतीला. सॉकेटवर फक्त पंप उरतो. प्रोसेसर थंड झाला, पण रांगेची हवा तुटली. तिचा ताप हद्दीबाहेर गेला की बोर्ड प्रोसेसरला खूण करतो, प्रोसेसर आपला वेग झटकन पाडतो, तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन बंद. मुलगा ५८ चा आकडा बघत होता, आणि बोर्ड दुसऱ्याच आकड्याला भीत होता.

तो आकडा मोजावा लागतो. कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, ती माणसाच्या तापापुरतीच असते. माझ्याकडे कारखान्यात वापरतात तशी इन्फ्रारेड बंदूक आहे. चकचकीत धातूवर तीही चुकीचं वाचते, म्हणून एका मॉसफेटच्या पाठीवर काळ्या चिकटपट्टीचा तिळाएवढा तुकडा लावला. रेंडरिंग सुरू केलं. ७०. ८५. ९७. नवव्या मिनिटाला १०८ आणि त्याच क्षणी वेग पडला. बोर्डच्या पाठीमागे, त्याच जागी, प्लेटचा रंग काळसर तपकिरी झालेला होता आणि तापलेल्या रेझिनचा उग्र वास येत होता.

मॉसफेट १०८ ला लगेच मरत नाही, बहुतेक १२५ ते १५० पर्यंत तग धरतात. मरतात ते शेजारचे. द्रव भरलेल्या कॅपॅसिटरवर १०५ अंश छापलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण असा की त्या तापात तो दोन हजार तास टिकेल. रोज आठ तास काम धरलं तर अडीचशे दिवस, म्हणजे पुढचा हंगामही पूर्ण होणार नाही. दर १० अंश ताप कमी झाला की हे आयुष्य जवळपास दुप्पट होतं. याच्या बोर्डवरच्या कॅपॅसिटरचं डोकं अजून फुगलं नव्हतं. फुगलं असतं तर थंड करण्याचा प्रश्नच नव्हता, आधी तो बदलावाच लागला असता.

आता दारव्ह्याचा भाग. पंखा असो की लिक्विड कूलर, दोन्ही उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत टाकतात. खोलीपेक्षा थंड ते काहीच करू शकत नाहीत. ओव्हरक्लॉकिंगचे व्हिडिओ करणारे लोक २२-२४ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. त्यांचा ९० चा आकडा आमच्या ४२ च्या खोलीत ११० होतो, बाकी काहीही न बदलता. जगात हे लोक कुठवर गेले आहेत ते मी मोठ्या कौतुकाने वाचते. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स प्रोसेसर द्रव हेलियमने थंड करून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत पळवला होता. पण तो विक्रमापुरता पळवलेला. आमच्या मुलाला लग्नाचा व्हिडिओ सहा वाजेपर्यंत द्यायचा होता.

आणि कापूस. ज्या कापसापायी इंग्रजी अमदानीत मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला रेल्वे दारव्ह्यावरून टाकली, तो कापूस दसरा-दिवाळीपासून इथल्या हवेत तरंगत असतो. घराघरांत गंजी लागलेली असते. पुण्या-मुंबईच्या संगणकात धूळ सापडते, आमच्या संगणकात नमदा सापडतो. मुलाच्या कॅबिनेटचा पंखा खोलला तेव्हा पात्यांवरून मळकट पांढरा, रुमालाएवढा अख्खा थर एका हाताने सोलून निघाला. हवा त्यातून जाणार कशी? हे हिवाळ्यात साचतं, पण कळतं मे महिन्यात.

आमच्याकडचे लोक यावर घरचा एक उपाय करतात, कॅबिनेट खोलून सरळ खोलीतल्या पाण्याच्या कूलरसमोर ठेवतात. कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोलीची हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा. पण खोली थंड करायला. झोतात मशीन ठेवलं की बारीक तुषार आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डवर बसतात, पिनांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. तसे बोर्ड दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात. ओला दुपट्टा मी काढायला लावला तो त्याचसाठी.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. नमदा काढला, ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरावं, फिरू देऊ नये. मॉसफेटवर ॲल्युमिनियमचे छोटे हीट सिंक बसवले, चिकटपट्टीने नव्हे तर उष्णता वाहणाऱ्या गोंदाने. उभ्या बोर्डवर आपल्या उन्हात पट्टी सुटते, आणि पडलेला ॲल्युमिनियमचा तुकडा ग्राफिक्स कार्डावर गेला तर शॉर्ट ठरलेला. मग ८० मिलिमीटरचा एक पंखा केबल टायने त्या रांगेकडे तोंड करून बांधला. तुटलेली हवा परत जोडून दिली, एवढंच.

शेवटी व्होल्टेज. त्याचा चेहरा पडला, पण ४.६ सोडायला लावलं. व्होल्टेज मूळच्या १.३० वर आणून वेग ४.२ ठेवला. तेवढ्यावर मशीन स्थिर राहिलं. तेच लग्न परत लावलं. दुकानात ४१ अंश होते. चिकटपट्टीचा तीळ आता हीट सिंकवर लावला होता; अर्ध्या तासाने त्यावर ७९ आला आणि तिथेच थांबला. आधी मध्येच बंद पडणारं काम एक तास पन्नास मिनिटांत झालं.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवून दिले, उन्हाळी आणि हिवाळी. हिवाळीत ४.४. दसऱ्याच्या आधी आणि होळीच्या आधी डबा खोलायचा, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

नोव्हेंबरमध्ये, थोडा उशिरा का होईना, तो स्वतःच ब्रश घेऊन आला. झाकण काढलं तर आतला काळा तीळ जागच्या जागी होता. बंदूक धरली, रेंडरिंग लावलं, ६३. मग त्याने हिवाळी प्रोफाइल चढवला आणि दोघं स्टुलावर बसून आकडा कुठे थांबतो ते बघत राहिलो.