मांडीचे तीन कप्पे

तालमीत पैलवान शड्डू ठोकतो तो मांडीवर. पंगतीला बसावयाचे ते मांडी घालून. आणि मूल रडू लागले की त्याला घ्यावयाचे तेही मांडीवरच. इतक्या जवळच्या या अवयवाच्या आत काय आहे असे विचारले, तर मात्र आपणांपैकी बहुतेकजण 'मांस' एवढेच उत्तर देतील. सप्तशृंगीच्या सुमारे पाचशे पायऱ्या आणि ब्रह्मगिरीचा चढ ज्या जिल्ह्यात आहे, ज्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली १०,००० मीटर धावून दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक आणि ग्वांगजौच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, तेथील श्रोत्यांनी एवढ्यावर समाधान मानू नये असे आम्हांस वाटते.

मांडीत हाड एकच. पण शरीरातील सर्वांत लांब व बळकट. त्याभोवतीच्या स्नायूंवर एका चिवट, पांढऱ्या आवरणाची नळी असते, घट्ट पायमोजा चढवावा तशी. या नळीपासून निघालेले पडदे आत हाडापर्यंत जातात आणि मांडीचे पुढचा, आतला व मागचा असे तीन कप्पे पडतात. प्रत्येकाचे काम निराळे, त्याला चालविणारा मज्जातंतूही निराळा.

पुढच्या कप्प्यात चार मुखांचा मोठा स्नायू आहे. डॉक्टर त्यास क्वाड्रिसेप्स म्हणतात. चारही मुखे गुडघ्याच्या वाटीपाशी एकत्र येतात आणि गुडघा सरळ करतात. बैठका काढणाऱ्याची मांडी पुढून फुगते ती यामुळे. तान्ह्या बाळाला दीड महिन्याची लस टोचतात तीही याच्याच बाहेरच्या मुखात. या कप्प्यात आणखी एक सडपातळ स्नायू कमरेच्या हाडापासून तिरका गुडघ्याच्या आतल्या बाजूस उतरतो. शरीरातील हा सर्वांत लांब स्नायू. लॅटिनमध्ये याचे नाव शिंप्यावरून पडले आहे. शिंपी मांडी घालून शिवावयास बसे, आणि त्या बैठकीला लागणाऱ्या हालचाली हा स्नायू करतो.

गड चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे, हा अनुभव पुष्कळांना असेल. उतरताना पुढचा स्नायू देहाचा भार तोलीत तोलीत लांबत जातो. गाडीच्या ब्रेकचे काम तो करतो. अशा ताणाने त्याच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. 'आम्ल साचले' असे याचे कारण सांगतात, ते बरोबर नाही. श्रमाने वाढलेले ते आम्ल विश्रांतीनंतर तासा-दोन तासांत निघून जाते. (सप्तशृंगीला २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली आली, मांड्यांची तिने सुटका केली खरी, पण सवयही मोडली.)

आतल्या कप्प्यातील स्नायू मांड्या जवळ आणतात. घोडेस्वाराची पकड यांची. त्यांतील सर्वांत मोठ्या स्नायूचा मागचा भाग मात्र मागच्या कप्प्याच्या मज्जातंतूवर चालतो. निसर्ग आमच्या वर्गवारीची फारशी पर्वा करीत नाही. मागच्या कप्प्यात तीन स्नायू आहेत. खुर्चीवर बसून टाच जमिनीवर मागे दाबा आणि गुडघ्यामागच्या लवणीत दोन्हीकडे बोटे लावा. ताठ दोऱ्या लागतील, त्या यांच्याच. वेगाने धावणाऱ्याला मध्येच मांडी धरून थांबावे लागते, ते बहुधा यांपैकी एखादा स्नायू फाटल्याने.

आता जे सांगावयाचे ते अधिक निकडीचे. महामार्गावर अपघात होऊन मांडीचे हाड मोडले, तर एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते. आवरण फारसे ताणत नाही. कप्प्यातला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू आतल्या आत मरू लागतो. गुडघ्याखाली हा प्रकार अधिक आढळतो. मांडीत जागा मोठी असल्याने तो क्वचितच होतो, आणि म्हणूनच तिकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. इजेच्या मानाने फार जास्त व औषधानेही न थांबणारी वेदना, लाकडासारखी टणक मांडी, गुडघा दुसऱ्याने वाकविताच उठणारी कळ, ही त्याची चिन्हे होत. पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये; ती शेवटपर्यंत लागू शकते. हाताशी वेळ सुमारे सहा तासांचा. अशा वेळी मांडी चोळणे किंवा कामट्या लावून करकचून बांधणे म्हणजे आतल्या दाबात बाहेरच्या दाबाची भर घालणे होय. आवळलेले बंधन सैल करावे, पाय फार उंच न करता हृदयाच्या पातळीत, आधार देऊन स्थिर ठेवावा आणि थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तेथे शल्यविशारद आवरणाला लांब चीर देऊन कप्पा मोकळा करतात. ती चीर काही दिवस उघडीच ठेवतात. सूज ओसरल्यावर टाके घालतात, आणि कातडी पुरली नाही तर दुसऱ्या मांडीची काढून तेथे लावतात.