संशयकल्लोय!

शंभर वर्षांहून जुनं विनोदी नाटक, सात मोबाइल आणि कापसानं भरलेली एक खोली. फुलसावंगीच्या पोरापोरींनी नाटक ‘ऐकवायचं’ ठरवलं, तेव्हा सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका अक्षरावरून.

तुमच्या गावात स्टुडिओ आहे का? फोटोचा नाही, आवाजाचा. फुलसावंगीत एक आहे. म्हणजे वर्षातून दीड-दोन महिने असतो, बाकी दिवस ती नुसती खोली असते.

कापसाच्या घरातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो आणि भाव वाढायची वाट बघत पडून राहतो. आधी कोपऱ्यात, मग अर्धी खोली, मग पार आढ्याला टेकतो. त्या खोलीत जाऊन एकदा टाळी वाजवून बघा. टाळी वाजते आणि तिथंच मरते, जरासुद्धा घुमत नाही. पुण्यात मी पत्रकारिता शिकते, तिथं रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतीभर फोम चिकटवलेला आहे. त्याला पैसे मोजावे लागतात. आमच्याकडं तोच परिणाम बापाच्या डोक्यावरच्या टेन्शनसकट फुकट मिळतो.

या दिवाळीच्या सुट्टीत त्या खोलीत आम्ही एक नाटक रेकॉर्ड करायला घेतलं. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’. आम्ही सात जण. तिघं गावात, दोघं पुसदला कॉलेजात, एक नागपूरला नोकरीला आणि मी. बाकी सगळ्यांनी एकच अट घातली, पेपरात नाव छापायचं नाही. म्हणून मी त्यांना पात्रांच्याच नावानं हाक मारणार आहे. आता तर ग्रुपवरही तेच चालतं. ‘कृत्तिका, जेवलीस का?’ वगैरे.

ही आयडिया आमची नाही. २००५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर नावाच्या माणसानं ‘लिब्रिव्हॉक्स’ सुरू केलं. ज्या पुस्तकांवर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही, ती साध्यासुध्या माणसांनी मोठ्यानं वाचायची आणि रेकॉर्डिंग जगासाठी फुकट सोडून द्यायचं. पहिलं पुस्तक जोसेफ कॉनरॅडची एक कादंबरी होती, आज पंधरा हजारांहून जास्त पुस्तकं तिथं ऐकता येतात. पैसे कुणालाच मिळत नाहीत. ऑडिशनही नसते, हे मला सगळ्यात भारी वाटलं.

नाटकासाठी त्यांची पद्धत वेगळी आहे. प्रत्येक जण आपापल्या घरी बसून फक्त आपल्या पात्राची वाक्यं वाचतो. ‘पडदा वर जातो’, ‘आत जाते’ असल्या रंगसूचना एक निवेदक वाचतो. मग एक जण हे सगळे तुकडे जोडतो. शेवटी आणखी एक जण फक्त ऐकायचं काम करतो: कुठं वाक्य गळलं, कुठं मधेच कुत्रं भुंकलं. ऑस्कर वाइल्डची कॉमेडी अशीच बनली आहे. वाचणारे एकमेकांसमोर उभे न राहता.

आता तुम्ही म्हणाल, मग पु. लं.चंच काहीतरी घ्यायचं ना! आम्हीही तेच म्हणालो होतो. पण आपल्याकडं लेखक गेल्यानंतर साठ वर्षं त्याच्या लिखाणावर हक्क राहतो, आणि ती मोजायची पुढच्या वर्षाच्या एक जानेवारीपासून. पु. ल. २००० मध्ये गेले, म्हणजे २०६१ उजाडावं लागेल. तेव्हा मी म्हातारी झालेली असेन. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, ते २०३० च्या एक जानेवारीला मोकळे होतील. तारीख लिहून ठेवा. गडकरी (१९१९), वऱ्हाडात वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१९३४), ‘म्युनिसिपालिटी’वाले माधवराव जोशी (१९४८) हे केव्हाचे मोकळे आहेत. देवल तर १९१६ मध्येच गेले. फक्त दोन गोष्टी सांभाळा. नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा या ज्यानं लिहिल्या त्याच्या असतात, त्या वाचायच्या नाहीत. आणि यूट्यूबवरच्या कुणाच्या प्रयोगाचा आवाज उचलायचा नाही. नाटक जुनं असलं तरी तो प्रयोग जुना नाही.

‘संशयकल्लोळ’ची गोष्ट तर आमच्याकडं येईपर्यंत चांगली हिंडून आली आहे. १६६० मध्ये मोलिएरनं फ्रेंचमध्ये लिहिली, १७६१ मध्ये आर्थर मर्फीनं तिचं इंग्रजीत मोठं नाटक केलं, त्यावरून सांगलीजवळच्या हरिपूरच्या देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. पुढं त्यात पदं घालून गंधर्व नाटक मंडळीसाठी ‘संशयकल्लोळ’ झालं. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावं दिली आणि बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. पाठांतराला एकदम सोपं.

गोष्ट अशी. रेवतीला चक्कर येते आणि म्हातारा फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका नेमकं तेवढंच बघते. गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. आता फाल्गुनराव नेमकं तेवढंच बघतो. झालं! आजच्या भाषेत, ब्लू टिक, लास्ट सीन आणि कुणाच्या तरी स्टोरीतला अर्धा हात. एवढ्यावर ब्रेकअप होतात, तेव्हा तसबीर तरी होती.

पण थांबा, न दिसणाऱ्या तसबिरीवर कुणी हसेल का? आम्हाला हीच भीती होती. पण जुन्या नाटकातली माणसं मनातलं मोठ्यानं बोलतात. फाल्गुनराव जे बघतो ते बडबडतो, त्यामुळं आपल्याला तसबीर दिसत नाही, तिच्यावरचा संशय ऐकू येतो. रंगमंचावर आज जुनाट वाटणारी स्वगतं कानाला अगदी बरोबर बसतात. पदं मात्र वगळली. गाणारं कुणी नाही, हे खरं कारण. सुरुवातीलाच निवेदनात तसं सांगून टाकलं, म्हणजे ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटायला नको.

खरी गंमत टायमिंगची. पहिला प्रवेश लिब्रिव्हॉक्ससारखा एकेकट्यानं वाचला आणि जोडला, तर भांडण नवरा-बायकोचं वाटेचना. दोन माणसं दोन वेगवेगळ्या बँकांच्या रांगेत उभी आहेत असं वाटत होतं. फाल्गुनराव चिडून ओरडायचा आणि कृत्तिका पाऊण सेकंद थांबून शांतपणे उत्तर द्यायची. विनोद त्या पाऊण सेकंदात मरत होता. मग एक जुगाड केला. एका कानात इअरफोन, फोनवर समोरचा आपली वाक्यं बोलतोय, आणि दुसऱ्या मोबाइलवर फक्त आपला आवाज रेकॉर्ड होतोय. तिकडं तोही तसंच करतोय. सुरुवातीला दोघांनी एक-दोन-तीन म्हणून टाळी वाजवायची, म्हणजे नंतर ऑडेसिटीत टाळीवर टाळी ठेवून तुकडे जुळवता येतात. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: पंखा बंद, मोबाइल तोंडासमोर नाही तर जरा बाजूला, आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. जोडताना मधल्या फटी भरायला ती लागते. बाजाराच्या दिवशी मात्र रेकॉर्डिंगचा विचारही करू नका.

आणि कापसात बसणार असाल तर फुल बाह्यांचं घाला. खाज सुटते. फाल्गुनरावाच्या आवाजातली चिडचिड काही ठिकाणी अस्सल आहे, ती त्यामुळं.

आता भांडणाचं सांगते.

आमच्या कृत्तिकेला ‘ळ’ येत नाही. म्हणजे येतो, पण घाईत गेला की गेला. डोळाचा डोया, काळाचा काया. आमच्या भागातल्या वऱ्हाडीत नांदेडकडची बोलीही मिसळते, पण हा ‘य’ वऱ्हाडीचाच. पहिल्या दिवशी तिनं नाटकाचं नाव घेतलं: ‘संशयकल्लोय’. आम्ही हसून हसून कापसात लोळलो. ती हसली नाही. नंतर तिनं सांगितलं, एका ठिकाणी निवेदनाच्या इंटरव्ह्यूला गेली होती, तिथं एक वाक्य वाचल्यावर तिला ‘आधी ळ शिकून ये’ म्हणाले होते. दुसरं वाक्य वाचूच दिलं नाही.

मग आमच्यातल्याच एकानं सुचवलं, तू भादव्या कर ना. भादव्या म्हणजे फाल्गुनरावाचा नोकर. त्याच्या तोंडी गावरान बोली शोभेल. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण तिनं विचारलं, ‘गावची बोली नोकरालेच काऊन?’ आणि सगळे गप्प झाले. आठवून बघा, तुम्ही पाहिलेल्या मराठी सिनेमा-नाटकांत वऱ्हाडी बोलणारा हीरो किती वेळा दिसला आणि हसं करायला ठेवलेला गडी किती वेळा.

दोन दिवस ग्रुपवर वाद चालला. एक बाजू म्हणत होती, देवलांनी ‘ळ’ लिहिलाय, आपण कोण बदलणारे. ही बाजू मी घेतली होती, हे कबूल करते. मास कम्युनिकेशनला प्रमाण भाषेवर मार्क असतात. दुसरी बाजू अश्विनशेठनं मांडली. त्याची घरची भाषा गोरमाटी, मराठी तो शाळेत शिकला. तो म्हणाला, देवलांनी तर फ्रेंच माणसाच्या गोष्टीत फाल्गुन-भाद्रपद घातले, त्यांनी कुठं विचारलं होतं? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: शब्द एकही बदलायचा नाही, आणि उच्चार कुणाचाही दुरुस्त करायचा नाही. भादव्या मी झाले. माझ्या शुद्ध ‘ळ’सकट.

आमची तपासून ऐकणारी म्हणजे माझी आजी. काचबिंदूनं तिची नजर बरीच गेली आहे, पण आकाशवाणीवरच्या श्रुतिका तिनं आयुष्यभर ऐकल्यात. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी यांचं ‘पुन्हा प्रपंच’ तिला अजून आठवतं. पहिला अंक तिनं कानाला मोबाइल लावून सलग ऐकला. माझ्या भादव्याबद्दल म्हणाली, ‘हे पोरगं बातम्या देऊन राह्यलं का?’ आणि कृत्तिकेची बाजू तर अशी घेतली की विचारू नका. ‘तिचं काय चुकलं मंग? नवरा दुसरीले धरून उभा हाये, तं बाई काय आरती ओवाळीन?’ गंमत म्हणजे ‘ळ’चं तिच्या लक्षातही आलं नाही. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, कोणता ळ?

दुसऱ्या अंकाचे तीन प्रवेश झाले आणि एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. भाव थोडा चढला होता आणि कृत्तिकेच्या वडिलांना देणी होती. दुपारपर्यंत खोली रिकामी. संध्याकाळी तिनं तिथं उभं राहून टाळी वाजवली आणि व्हॉइस नोट पाठवली. टाळी चांगली दोनदा घुमली. खाली मेसेज होता: ‘स्टुडिओ इकला. पैशे आले.’

आता उरलेलं नाटक गोधडीखाली चाललंय. पुसदवाले होस्टेलच्या कपाटात डोकं घालून वाचतात, नागपूरचा फाल्गुनराव रात्री अकरानंतर. दुसऱ्या अंकात मधेच आवाज बदललेला तुम्हाला जाणवेल, तो त्या टेम्पोमुळं. आम्हाला अजून मघा नायकीण मिळालेली नाही. वय कितीही चालेल, मोबाइल हवा, आणि ‘ळ’ आलाच पाहिजे असं नाही.