काळविटांच्या माळावर, बाबांच्या चालीने

बाबा न्हाणीघरात घसरून पडले, त्याला आठ महिने झाले होते. हाड मोडले नव्हते. मुका मार तेवढा लागला होता आणि तो काही आठवड्यांत बराही झाला. मात्र त्यानंतर अंगणाच्या फाटकापलीकडे त्यांचे पाऊल पडले नाही. 'सांभाळून' हा शब्द आम्ही घरचे दिवसातून इतक्या वेळा उच्चारू लागलो, की 78 वर्षांच्या त्या निवृत्त शिक्षकाने चालणेच सोडून दिले. पडण्याच्या भीतीने माणूस चालेनासा होतो, न चालल्याने पायांचे स्नायू क्षीण होतात, तोल ढळू लागतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. हे चक्र मोडण्यासाठी डॉक्टरांनी प्रथम तोलाचे व्यायाम सुचविले. पुढे बाहेर पडण्याची परवानगी मिळाली, तेव्हा कोठे जायचे असे आम्ही विचारले. बाबा म्हणाले, "बागेत नको. काळवीट दाखव."

वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठीच राखलेले आहे. सुमारे 18 चौरस किलोमीटरचा हा प्रदेश म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. गवताळ माळ आणि मधूनमधून झाडोरा, असे त्याचे रूप. ज्येष्ठांच्या दृष्टीने असा माळ सोयीचा, कारण चढ बेताचे असतात आणि प्राणी दुरूनही दिसतात. वनविभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करून आम्ही रीतसर परवानगी घेतली. सोबत येणाऱ्या स्थानिक वाटाड्याला बाबांचे वय, गुडघेदुखी आणि मधुमेह यांची कल्पना दिली.

जानेवारीतली सकाळ होती. थंडीत सांधे आखडतात, म्हणून ऊन अंगावर येईपर्यंत थांबूनच आम्ही निघालो. सर्वांत पुढे वाटाड्या, मागे बाबा आणि त्यांच्या अर्धे पाऊल मागे मी. हात धरायचा नाही, पण हाताच्या अंतरावर राहायचे, हे तज्ज्ञांनी शिकवून ठेवले होते.

थोडे चालल्यावर बाबा वाकले, गवताचे एक पाते चुरगाळून त्यांनी नाकाशी धरले. "तिखाडी!" त्यांच्या लहानपणी याच गवताचे तेल घरात सांध्यांना चोळत असत. पुढे पवन्या, मारवेल, कपड्यांना चिकटणारे कुसळ, अशी एकेकाची ओळख ते करून देऊ लागले. "गुरुजी, हे आम्हालाच शिकवा," वाटाड्या म्हणाला. आठ महिन्यांत प्रथमच कोणी त्यांना सांभाळत नव्हते, तर त्यांचे ऐकत होते.

मग वाटाड्याने हात वर केला. समोर कळप चरत होता. माद्या आणि पिल्ले बदामी रंगाची; कडेला पिळदार शिंगांचा एक काळाकभिन्न नर. वयाबरोबर नराचा रंग गडद होत जातो, असे वाटाड्याने हलक्या आवाजात सांगितले. बाबा घडीच्या स्टुलावर बसून दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिले. कुठूनशी चाहूल लागताच कळप उंच उड्या घेत नाहीसा झाला.

पाणवठा अजून पुढे होता. मला जायचे होते. बाबा म्हणाले, "परत फिरू. येताना जेवढे चाललो, तेवढे जायचेही आहे." थकवा येण्यापूर्वी परतणे ही माघार नव्हे, हे त्या दिवशी मला कळले.

आपल्या घरच्या ज्येष्ठांना असे नेताना काही गोष्टी आवर्जून पाळाव्यात. हृदयविकार, दमा किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या दिवशीच्या वेळेविषयीही विचारावे. गोळी परस्पर बंद करू नये. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. घाम, थरथर वा गोंधळल्यासारखे वाटल्यास तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे; मात्र शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता तातडीने दवाखाना गाठावा. टाच धरून ठेवणारे बूट, काठी, पाणी आणि स्टूल सोबत असावे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, तर थांबावे. विदर्भातील उन्हाळ्यात हा बेत टाळावा.

पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका सहलीने ते साधत नाही. सहल केवळ निमित्त देते.

आमच्या घरी ते निमित्त पुरले. आता बाबा सकाळी फाटकाबाहेर पडतात, कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन येतात. मी मागे असते, अर्धे पाऊल. 'सांभाळून' म्हणण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही, पण आता मी आधी विचारते, "आज कुठवर?"